फौजीच्या हुनराला भाव का नाही?

(दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी छापले आहे.)



आम्ही कोरडवाहू मुलखातली माणसे. कर्जत स्टेशनात उतरलो, घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडतात ती पाहिली आणि उल्हास नदीकाठच्या या दहिवलीत आलो. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे त्याच्या चौथाई पडला तरी आम्ही वर्ष निभावून नेतो. तुमचा भात, आमचा कापूस आणि ज्वारी. पीक वेगळे, पाऊस वेगळा. पण काल संध्याकाळी इथे आमच्याच मातीतला एक माणूस भेटला, आणि ठरवून आणलेले भाषण बाजूला ठेवून आज आम्ही त्याच्याविषयीच बोलणार आहोत.

कर्जत-खालापूरच्या बाजूला मुंबईकरांचे बंगले किती झालेत ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्यांना फार्महाऊस म्हणतात. फार्म त्यात कुठे असते ते आम्हाला दिसले नाही. रस्त्याने चालत येताना अशाच एका बंगल्याच्या फाटकावर निळ्या गणवेशातला एक गृहस्थ उभा होता. त्याने पाय जुळवून राम राम केला. उभे राहण्याची रीत पाहूनच आमच्यातला एक जण म्हणाला, हा फौजी आहे. आम्ही विचारले, "भाऊ, गाव कोणते?" निघाला यवतमाळ जिल्ह्यातला. घरी पाच एकर कोरडवाहू. दहावी झाल्यावर भरती झाला, सतरा वर्षे सिग्नलमध्ये काढली, हवालदार होऊन परतला. आता इथे बारा तासांची पाळी करतो.

बोलता बोलता कळले, आदल्या आठवड्यात बंगल्याचा जनरेटर बंद पडला होता. मालकाने पनवेलहून मिस्त्री बोलावला. मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला, दोन तास खटपट करून पैसे घेऊन गेला. हा हवालदार वीस पावलांवर उभा होता. बर्फात आणि वाळवंटात याने जनरेटर चालते ठेवलेले आहेत. आम्ही म्हटले, "मग तुम्ही का नाही दुरुस्त केला?" तो म्हणाला, "मला कोणी विचारलेच नाही. मीही बोललो नाही. माझे काम फाटकाचे."

भावांनो, आजचा विषय एवढाच आहे. मला कोणी विचारलेच नाही, आणि मीही बोललो नाही.

प्रत ठरवतो कोण?

कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहेत. रात्रभर गाड्यांच्या रांगेत थांबायचे. सकाळी ग्रेडर यायचा, ढिगात हात घालायचा, कधी तोही घालायचा नाही, आणि 'फेअर' म्हणून पुढे निघून जायचा. माल आपला, घाम आपला, पण प्रत ठरवणार घेणारा. आता व्यापारी आला, तरी ओल किती आणि कचरा किती ते तोच सांगतो.

फौजेतून परतलेल्या माणसाचे तसेच होते. सतरा वर्षांचा माल घेऊन तो बाजारात येतो. कोणी वायरलेस चालवलेला, कोणी रणगाड्याचे इंजिन उघडून बसवलेला, कोणी पाचशे माणसांचे जेवण वेळेवर पोचवलेला, कोणी गोळीबारात जखमीला सलाईन लावलेला. नोकरी देणारा या ढिगात हात घालत नाही. वरूनच बघतो आणि एक शब्द उच्चारतो, 'गार्ड'. सगळ्या मालाला एकच प्रत.

देशात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास जवान आणि अधिकारी सेवेतून बाहेर पडतात. त्यातला मोठा भाग जवानांचा, आणि जवान पस्तीस ते चाळीसच्या वयात घरी येतो. सरकारी बाबू या वयात बढतीची वाट पाहत असतो. जवानाची मुले शाळेत, आईबाप थकलेले, शेत होते तिथेच. त्याला दुसरी नोकरी हौस म्हणून नको असते, गरज म्हणून हवी असते. आणि ज्याला गरज आहे त्याला बाजारात कोणता भाव मिळतो हे कापूस विकणाऱ्याला शिकवावे लागत नाही.

मालकाचा हिशेब

मालक काय पाहतो ते शांतपणे समजून घेऊ. नुसत्या शिव्या देऊन भाव वाढत नाही.

मालकाला फौजीतले काही गुण पटलेले असतात. वेळेवर येईल, चोरी करणार नाही, व्यसन करून कामावर पडणार नाही, सांगितलेले करील. हे खरे गुण आहेत. पण हे स्वभावाचे गुण झाले. हुनराचे काय? हुनर त्याला दिसत नाही, कारण ते त्याच्या भाषेत लिहिलेले नसते. जवानाच्या सेवामुक्तीच्या पुस्तकात हुद्दा असतो, ट्रेड असतो, चारित्र्याचा शेरा असतो. कारखान्याचा माणूस विचारतो, आयटीआयचे सर्टिफिकेट कुठे आहे? फौजेतल्या कोणत्या कामाला बाहेरचे कोणते काम समान, याच्या याद्या संरक्षण खात्याच्या पुनर्वसन महासंचालनालयाने केलेल्या आहेत. त्या कारखान्याच्या खिडकीपर्यंत पोचत नाहीत.

मालकाची दुसरी समजूत अशी की, फौजी हुकूम मिळाला तरच हलतो, स्वतःचे डोके चालवत नाही. ज्याने नकाशा आणि दहा माणसे घेऊन रात्री डोंगर ओलांडला, वाटेत वायरलेस बंद पडला तरी माणसे परत आणली, त्याच्याबद्दल हे म्हणतात! मात्र यात थोडे खरेही आहे. गिऱ्हाइकाशी घासाघीस, उधारी वसूल करणे, जीएसटीचा कागद, ही कामे फौज शिकवत नाही. ती शिकावी लागतात. जो जनरेटर शिकला तो हेही शिकेल. पण शिकेपर्यंत धीर धरायला मालक तयार नसतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. मालक म्हणतो, "तुम्हाला पेन्शन आहेच ना, मग पगार जास्त कशाला हवा?" ही भाषा ओळखीची वाटते का, भावांनो? "शेतकऱ्याला घरची ज्वारी आहे, घरचे दूध आहे, त्याला भाव कशाला हवा?" तीच ही भाषा. पेन्शन ही मागच्या कामाची मजुरी आहे. ती दाखवून आजच्या कामाची मजुरी कापायची, ही लूटच आहे.

आणि एक लक्षात घ्या. पिकाचा उत्पादनखर्च काढताना शेतकऱ्याच्या स्वतःच्या आणि घरच्यांच्या कष्टाची किंमत मजुराच्या दराने धरतात. ओल पाहून पेरणीचा दिवस ठरवणे, बोंडातली अळी वेळेत ओळखणे, कणीस हातात घेऊन ज्वारीचा उतारा सांगणे, हे शेतकऱ्याचे हुनर. त्याला हिशेबात कुशल कारागिराचा दर नाही. बाप शेतात अकुशल, मुलगा फाटकावर अकुशल. मग या घरात कुशल आहे तरी कोण?

बोलणे मोठे, घेणे थोडे

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तरुण चिडून रस्त्यावर आले. त्या वेळी मोठमोठ्या उद्योगपतींनी सांगितले की चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांना आम्ही नोकऱ्या देऊ. महिंद्र समूहाचे आनंद महिंद्र यांनी जाहीरपणे म्हटले की शिस्त आणि कौशल्य यांमुळे हे तरुण नोकरीला लायक ठरतील, उत्पादनापासून व्यवस्थापनापर्यंत त्यांना वाव आहे. ऐकायला बरे वाटले. त्यावर माजी नौदलप्रमुख अॅडमिरल अरुण प्रकाश यांनी साधा प्रश्न विचारला. नव्या योजनेची वाट कशाला? दरवर्षी हजारो कुशल, शिस्तीचे माजी सैनिक निवृत्त होतात आणि काम शोधत फिरतात. त्यांच्यापर्यंत तुमचा समूह आजवर पोचला का? आकडे सांगा.

हा प्रश्न एका समूहापुरता नाही, प्रत्येक मालकाला आहे. त्याच महिन्यात सत्तारूढ पक्षाच्या एका सरचिटणीसांनी पक्ष कार्यालयाच्या पहाऱ्यासाठी अग्निवीराला प्राधान्य देऊ असे विधान केले. टीका झाल्यावर त्यांनी खुलासाही केला. पण ओठांवर आधी काय आले? पहारा.

सरकारी कागद पाहा. केंद्र सरकारच्या 'क' गटात माजी सैनिकांना १० टक्के आणि पूर्वीच्या 'ड' गटात २० टक्के राखीव जागा. सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांत अनुक्रमे साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के. महाराष्ट्रात १५ टक्के समांतर आरक्षण. दहावी झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या जवानाला काही पदांसाठी पदवीधर मानावे, असाही केंद्राचा आदेश आहे. मग जागा रिकाम्या का राहतात? अडतीस वर्षांच्या माणसाला बावीस वर्षांच्या पोराबरोबर सामान्यज्ञानाच्या पेपराला बसवतात. सतरा वर्षांत तो काय शिकला याचा पेपर कोणी काढत नाही. शेवटी शेरा पडतो, पात्र उमेदवार उपलब्ध नाही.

उलट पहाऱ्याच्या धंद्यात मात्र कायदाच हात धरून नेतो. खासगी सुरक्षा संस्थांचा २००५ चा कायदा गार्ड नेमताना माजी सैनिकाला प्राधान्य देता येईल असे सांगतो. राज्याचे माजी सैनिक महामंडळ, ज्याला मेस्को म्हणतात, त्याचेही मोठे काम सुरक्षा रक्षक पुरवण्याचेच. पहारा हे हलके काम आहे असे आम्ही म्हणत नाही. इमानाने केलेले कोणतेही काम हलके नसते. आमची तक्रार एवढीच की सगळ्या वाटा एकाच फाटकाशी का संपतात?

याच मातीतले जुने दाखले

ही गोष्ट आजची नाही. याच रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त होऊन आले. फौजेने त्यांना अक्षर दिले होते. त्या अक्षराच्या जोरावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध वर्तमानपत्रांतून लिहिले. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिणारेही तेच.

दुसरा दाखला सुभेदार रामजी सकपाळ यांचा, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या वडिलांचा. फौजेच्या शाळेत ते शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलाव बांधला जात होता, तिथे ते खजिनदार होते. कोरडवाहू दुष्काळी मुलखात, मजुरांच्या पैशाचा हिशेब एका माजी सुभेदाराच्या हाती. त्या कामावर कोणीतरी पाहिले की या माणसाला अक्षर येते, आकडे येतात, आणि हा पैशाला हात लावणार नाही. हुनर पाहिले आणि हुनराचे काम दिले. पण त्याच वडिलांना भेटायला १९०१ च्या सुमारास मुले निघाली, तर जात कळताच गाडीवाल्याने गाडी हाकायला नकार दिला. दुप्पट भाडे देऊन मुलांना गाडी स्वतः हाकावी लागली. कामावर हुनर दिसले, रस्त्यावर फक्त जात दिसली. आजही जवान गावी परततो तेव्हा गाव त्याची वर्दी आधी पाहते की आडनाव, हे ज्याने त्याने छातीवर हात ठेवून सांगावे.

तिसरा दाखला राळेगणसिद्धीचा. पारनेर तालुक्यातले कोरडे गाव. फौजेत ट्रक चालवणारे अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले. कोणत्याही मालकाने त्यांना ड्रायव्हर किंवा गार्डच केले असते. त्यांनी गावाला घेऊन बांध घातले, पाणी अडवले. त्यांच्या पुढच्या राजकारणाशी कोणाचे पटो वा न पटो, कोरडवाहू गावात पाणी थांबले हे सगळ्यांनी पाहिले. माणसे एका कामाला लावणे, वेळ पाळणे, काम अर्धे न सोडणे, हे ट्रक चालवतानाही शिकता येते. ते ड्रायव्हिंग लायसनवर लिहिलेले नसते.

आणखी एक. आपली पोरे ज्या एम्प्लॉयमेंट एक्सचेंजमध्ये नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत बसली, ते खाते मुळात १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धातून सुटणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी निघाले. सर्वांसाठी खुले झाले ते १९४८ मध्ये. त्याच सुमाराला अमेरिकेने काय केले? १९४४ मध्ये कायदा करून परतणाऱ्या सैनिकाच्या शिक्षणाचा खर्च उचलला. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्यातून कॉलेजचे किंवा धंद्याचे शिक्षण घेतले. तिथे मालकाने सैनिकाकडे वेगळ्या नजरेने पाहिले, कारण सैनिकाच्या हातात मालकाला वाचता येईल असा कागद होता.

आपण तरी काय करतो?

इथपर्यंत मालकाला बोललो, सरकारला बोललो. टाळ्याही पडल्या. आता आपल्याकडे वळू.

आपल्या मेळाव्याला माजी सैनिक येतो तेव्हा आपण त्याला कोणते काम देतो? व्यासपीठापुढची दोरी धरायला उभा करतो! गर्दी आवर, गाड्या लाव, पुढाऱ्यांना वाट करून दे. आम्ही वर्षानुवर्षे हेच केले. आमच्यातच तिघे जण फौजेतून आलेले. त्यातला एक स्टोअरचा माणूस, वीस वर्षे साठ्याचा हिशेब ठेवलेला. आमच्या गावच्या उत्पादक कंपनीच्या गोदामात सरकीच्या पोत्यांचा मेळ लागत नव्हता, आम्ही बाहेरून पगारी माणूस शोधत होतो, आणि हा आमच्या सभेत दोरी धरून उभा होता. त्या बंगल्याच्या मालकात आणि आमच्यात फरक काय राहिला?

यापेक्षाही वाईट पाहिले आहे. जवान पैसे घेऊन परतला की गावातली माणसे त्याच्याभोवती जमतात. कोणी वादातली जमीन गळ्यात मारतो, कोणी चिटफंड, कोणी पोराला नोकरी लावून देतो म्हणून रक्कम उचलतो. शहरातला मालक हुनर पाहत नाही, गावातला सोयरा फक्त पैसा पाहतो.

हे आत्ताच बोलायचे कारण

पूर्वीच्या जवानाला निदान पेन्शनचा टेकू होता. अग्निवीराला तो नाही. चार वर्षे सेवा, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम करणार, बाकीचे घरी. पगारातून दरमहा ३० टक्के कापून चार वर्षांत ५ लाख २ हजार जमतात, तेवढीच भर सरकार घालते. म्हणजे सुमारे १० लाख ४ हजार आणि वर व्याज. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला चालू झाले. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. पंचविशीच्या आसपासची पोरे. दहा लाख कापूस-ज्वारीच्या घरात किती दिवस पुरतात? बहिणीचे लग्न, बापाचे कर्ज, एक नापिकीचे साल, संपले.

म्हणून जिल्हा बैठकांपुढे आम्ही चार कामे ठेवतो.

पहिले, प्रत्येक गावाने आपल्या आजी-माजी सैनिकांची यादी करावी. यादीत हुद्दा नंतर, काम आधी. 'हवालदार' एवढे लिहू नका. 'जनरेटर, वायरलेस, केबल जोडणी, सतरा वर्षे, हाताखाली बारा माणसे' असे लिहा.

दुसरे, जो आज फौजेत आहे त्याला चिठ्ठी लिहा, फोन करा. सुटण्याआधी कामाचा दाखला, प्रशिक्षणाचे कागद, वाहनपरवाना तिथेच पुरा करून घे म्हणावे. अग्निवीराला कौशल्याचे प्रमाणपत्र आणि दहावीवाल्याला बारावीची सोय सरकारने कबूल केली आहे, ती पदरात पाडून घे. घरी आल्यावर कागद मागत फिरणे फार जड जाते. परतल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव.

तिसरे, आपल्या स्वतःच्या संस्थांनी सुरुवात करावी. २००३ पासून उत्पादक कंपन्यांचा कायदा आहे, गावोगाव कंपन्या निघाल्या. जिनिंग, गोदाम, वजनकाटा, ट्रॅक्टर-अवजारे भाड्याने देण्याचे केंद्र, यांतली जागा भरताना आधी ती यादी उघडावी. मेहेरबानी म्हणून नाही. त्याला काम देऊन बघा, येत नसेल तर स्पष्ट सांगा. पण बघितल्याशिवाय 'फेअर' म्हणू नका.

चौथे, सैनिक भावांना. मालकापुढे तुमचा माल तुम्हीच उघडून दाखवा. पेन्शन विचारली तर सांगा, ती मागची मजुरी आहे, आजच्या कामाचा भाव बोला. गार्डचेच काम घ्यावे लागले तर घ्या, पोट कोणाला चुकले आहे! पण जनरेटर बंद पडला तर दोन पावले पुढे या आणि म्हणा, साहेब, हे मला येते.

आज सकाळी येताना आम्ही पुन्हा त्या फाटकाशी थांबलो. त्या भाऊंना म्हटले, आमच्या जिनिंगला डिझेल सेट आहे, महिन्यातून चार वेळा बंद पडतो, पगार इथल्यापेक्षा फार जास्त देता येणार नाही, पण घर जवळ पडेल. त्यांनी लगेच हो म्हटले नाही. सेट किती केव्हीएचा आहे, किती तास चालतो, तेल शेवटचे कधी बदलले, असे तीन प्रश्न विचारले. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर आम्हाला देता आले नाही. गावी फोन करून विचारतो म्हणालो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली यादी घेऊन यावे, एवढी विनंती करतो आणि आम्ही थांबतो.